फळीवरचा राग

प्रशिक्षकानं टोपलीतून रंगीत फिती वाटल्या आणि नेकेसाच्या वाट्याला हिरवी आली. वळून पाहते तर हिरवी फीत मनगटाला गुंडाळत मुतिसो उभा. डेअरीत एवढी माणसं, आणि नशिबानं नेमका हाच काढून द्यावा... तिनं फीत बदलून मागितली. प्रशिक्षक हसला, म्हणाला, बदलून घेतली तर टीम कसली?

नैवाशाच्या तळ्याकाठी, बाभळींच्या सावलीत कंपनीनं सगळ्यांना आणलं होतं ते एकजूट शिकवायला. एकजूट! महिन्यापूर्वी गाडीभर दूध नासलं होतं. गाड्या रवाना करणं मुतिसोचं काम. दुकानदार फोनवर ओरडत होते, म्हणून टाकी पुरती थंड व्हायच्या आत त्यानं दूध भरायला लावलं. नेकेसा नको म्हणत होती. पण बैठकीत मॅनेजर गिचुकीसाहेबांनी 'कुणी सांगितलं भरायला?' विचारलं, तेव्हा हा आपल्या बुटांकडे बघत बसला. शिफ्टची प्रमुख ती, म्हणून प्रमुखपद तिचंच गेलं. आता ती बाटल्यांना झाकणं लावत होती, तिनंच शिकवलेल्या मुलीच्या हाताखाली.

आणि त्याआधीचं ते वर्ष... दूध तापवायच्या तिच्या खोलीवरून जाताना मंदावणारी त्याची चाल, वाफेआडून येणारं हसू. कुणी कुणाला काही म्हटलं नव्हतं, पण सगळी डेअरी समजून होती. तेच आठवलं की राग दुप्पट व्हायचा.

दोन लांब फळ्या, त्यांना दोरीचे पट्टे. तिघांनी एकामागं एक पाय अडकवायचे, एकदम उचलायचे, झेंडा गाठायचा. पुढं नेकेसा, मध्ये मुतिसो, मागं प्रयोगशाळेतल्या तबिथामावशी.

"हात खांद्यावर ठेवू का?" त्यानं हळूच विचारलं.

"स्वतःजवळ ठेव."

डावा, उजवा, डावा... ती मुद्दाम भरभर म्हणत गेली. चौथ्या पावलाला तिघंही गवतात. तबिथामावशी म्हणाल्या, भांडायचं तर जमिनीवर भांडा, माझी कंबर मध्ये आणू नका.

बकऱ्याच्या भाजलेल्या बरगडीचा तुकडा हातात घेऊन गिचुकीसाहेब बघत होते. "हिच्या शिफ्टमध्ये हेच चालायचं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कुणाचा कुणाला मेळ नाही."

लोक हसले. नेकेसा उठून बसली. तिनं तोंड उघडलं, पण मागून आवाज आला तो त्याचा.

"साहेब, ते दूध मी भरायला लावलं होतं." पट्ट्यात पाय अडकलेलाच, गुडघ्यावर माती. "टाकी थंड नव्हती. नेकेसानं दोनदा अडवलं मला. बैठकीत मी गप्प बसलो. शिफ्ट तिची आहे, तिला परत द्या. काय करायचं ते माझं करा."

हसणं विरलं. साहेबांनी तुकडा ताटात ठेवला, तोंड पुसलं. मग म्हणाले, सोमवारी शिफ्ट ती घेईल, आणि तू, मुतिसो, क्रेट उचलायला उभा राहशील. एवढं बोलून ते निघून गेले.

नेकेसा गर्रकन वळली. "आज सुचलं? महिनाभर मी मान खाली घालून उभी होते, तेव्हा कुठं होतास?"

"भ्यालो होतो."

"कशाला?"

"नोकरी जाईल म्हणून. तू दुरावशील याची भीती त्यापुढं छोटी वाटली..." त्यानं मान वर केली. "छोटी नव्हती. मला तू हवी आहेस, नेकेसा. हे सांगायलाही घाबरलोच."

वारा तळ्यावरून आला, बाभळीतून सळसळत गेला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

तबिथामावशींनी मागून विचारलं की उत्तर आज मिळणार आहे का. माझे पाय अजून दोरीत अडकलेत, म्हणाल्या.

नेकेसा पुढं वळली. "माझा राग इतक्यात जाणार नाही."

"कधी जाईल?"

"थांबणार आहेस?"

"थांबेन."

"मग विचारू नकोस," ती म्हणाली. मागं हात नेऊन तिनं त्याचा हात खेचला, खांद्यावर ठेवला. "धर नीट. डावा..."