सतराव्या भुंगेऱ्याच्या पंखाखाली

माझ्या सतराव्या भुंगेऱ्याच्या पंखाखाली बारीक रवा सांडल्यासारखं काहीतरी दिसत होतं. मी भिंग जवळ नेलं, तर त्यातला एक दाणा चक्क पुढे सरकला.

"पारख्या!" मी ओरडले. ओरडायला नको होतं, हे ओरडून झाल्यावर कळलं.

पारख्या हा आमच्या भुंगेराघरातला यंत्रमानव. कीटक ओळखणं हेच त्याचं काम, म्हणून आम्ही मुलांनी त्याला हे नाव ठेवलंय. तो चाकांवरून आला, वरून चार फोटो काढले, खोक्यावरची चिठ्ठी वाचली आणि निकाल देऊन मोकळा झाला.

"कोळी. जात परजीवी. खात्री सत्त्याऐंशी टक्के. सर्व खोक्यांना धोका."

परजीवी (दुसऱ्याच्या अंगावर राहून त्याचंच रक्त किंवा रस पिणारा जीव) हा शब्द ऐकला आणि भुंगेराघर सांभाळणाऱ्या रोहिणीताई धावत आल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"चार वाजता सगळे खोके शीतकपाटात ठेवावे लागतील," त्या म्हणाल्या.

"थंडीत झोपतील ना ते?" मी विचारलं.

"नाही गं मैथिली. मरतील."

बाराशे भुंगेरे! शाळेतल्या आम्ही सव्वीस जणांनी सहा महिने वाढवलेले. आमच्या गावात पावसाळ्यात गोगलगायी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त करतात. हे काळे भुंगेरे जमिनीवर धावत फिरतात आणि गोगलगायींचा फडशा पाडतात. म्हणून पेरणीनंतर 'सोडणी' असते. प्रत्येक मूल आपला खोका बांधावर नेतं, झाकण उघडतं, आणि सगळा गाव बघायला येतो. सोडणीला चारच दिवस राहिले होते. आणि गेल्याच आठवड्यात आम्ही एकमेकांशी भुंगेऱ्यांची अदलाबदल केली होती, त्यामुळे फक्त माझा खोका वेगळा काढूनही भागणार नव्हतं.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. तेव्हाही कुणाला सांगितली नव्हती. ती पुढे येईलच.

मी धावत घरी गेले आणि आज्जांना घेऊन आले. आज्जा म्हणजे माझ्या बाबांचे बाबा. चाळीस वर्षं त्यांनी फक्त कोळी ओळखले. जाळं विणणारा कोळी नव्हे, त्याचा हा दूरचा भाऊबंद. म्हशीच्या कानाला चिकटणारी गोचीड पाहिली असेल ना? तिच्याच गोतावळ्यातला, पण डोळ्याला धड न दिसणारा.

"सत्त्याऐंशी टक्के?" आज्जा पारख्याकडे बघून म्हणाले. "उरलेले तेरा कुठे सांडले रे बाबा?"

मला हसूही आलं नाही. घड्याळात दीड वाजला होता.

आज्जांनी खिशातून एक काडी काढली. तिच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवलेला होता. एवढ्याशा जिवाला चिमट्याने धरलं तर तो चिरडतो, म्हणून ही युक्ती. पण आज्जांचे हात आता थरथरतात. काडी त्यांनी माझ्या हातात दिली.

"आज्जा, माझ्याच्याने नाही होणार."

"मग कुणाच्याने होणार? माझ्या? बघ हा हात, ताक घुसळतोय जणू!"

मी श्वास रोखला. भुंगेऱ्याचं पंखकवच (पाठीवरचं कडक झाकण) हलकेच उचललं आणि केसाने एक कोळी टिपला. पाय मोजले. आठ. म्हणजे कीटक नाही. कीटकाला सहा असतात.

"आठ पाय म्हणजे पक्का कोळी, हो ना?"

"अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू असतं तर कोळ्यालाही सहाच असते. तेव्हा हे तितकं लहान नाही, एवढंच ठरलं," आज्जा म्हणाले. "आता त्याला पारदर्शक करू."

त्यांनी काचेवर लॅक्टिक आम्लाचा थेंब टाकला. दही आंबट होतं ते याच आम्लामुळे. थोड्या उबेत ठेवलं की कोळ्याच्या आतलं सगळं विरघळतं, राहतं फक्त कवच, काचेसारखं स्वच्छ. मग त्यावरचा केसन् केस मोजता येतो. पण याला तासभर लागतो. तासभर! मी नखं कुरतडत बसले. सतरा नंबर आपल्या ओल्या मातीत मजेत फिरत होता, त्याला काय ठाऊक.

"तोवर मला त्याचा पत्ता सांग," आज्जा म्हणाले. "कुठे सापडला, कधी सापडला, आसपास काय होतं. हे ठाऊक नसेल तर मी मी म्हणणारा शास्त्रज्ञही फसतो."

"चिठ्ठीवर आहे सगळं," मी पटकन म्हटलं आणि दुसरीकडे बघितलं.

चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात होतं, 'माती: वाफवलेली'. खोक्यात वाफेने निर्जंतुक केलेलीच माती घालायची, असा भुंगेराघराचा नियम होता.

अडीच वाजता आज्जांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. कोळी त्यांनी उताणा ठेवला होता. "पारख्याने फोटो वरून काढले. खरी ओळख पोटाकडून पटते. बघ, याचं तोंड दिसतंय का?"

मी बघितलं. पुन्हा बघितलं. "आज्जा, याला तोंडच नाही!"

"आणि मागे?"

मागे इवल्याशा गोल चकत्या होत्या, ओळीने. भिंतीला चिकटवायच्या रबरी हुकाला असतात ना, तशा.

"त्या चोषक चकत्या (यांनी घट्ट चिकटून राहता येतं). आता तूच सांग, ज्याला तोंड नाही तो रक्त पिईल कसा?"

"नाहीच पिऊ शकणार! मग हा भुंगेऱ्याच्या अंगावर करतो काय?"

"प्रवास. हा राहतो शेणखतात, तिथली बुरशी खातो. खत वाळायला लागलं की याची काही पोरं हे वेगळं रूप घेतात. तोंड नाही, फक्त चिकटायची सोय. दिसेल त्या भुंगेऱ्याला धरायचं आणि ताजं खत लागलं की उतरायचं. मग कात टाकली की पुन्हा तोंड येतं. याला परवहन (दुसऱ्याच्या अंगावर बसून केलेला प्रवास) म्हणतात. भुंगेऱ्याला त्याचं ओझं होतं थोडं, बाकी काही नाही."

मी उडीच मारली. पण पारख्या जागचा हलला नाही.

"माती वाफवलेली आहे. वाफवलेल्या मातीत शेणखतातला कोळी अशक्य. नमुना अनोळखी. निर्णय कायम."

आज्जांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "त्याचं म्हणणं चूक नाही. हा इथे आलाच कसा?"

रोहिणीताईंनी मान हलवली. "कारण कळल्याशिवाय मी बाराशे भुंगेरे गावभर सोडू शकत नाही, काका."

बोलता बोलता चार वाजले. पारख्याने शीतकपाटाचं दार उघडलं. आतली गार वाफ माझ्या पायांवर आली. त्याने पहिला खोका उचलला. तो माझा नव्हता, इरफानचा होता. इरफान रोज आपल्या भुंगेऱ्यांना सलाम करून मगच वर्गात जातो.

"थांबा!" माझा आवाज फाटला. "माती वाफवलेली नव्हती. माझी नव्हती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. तरी सांगितलं. थंडीत सतरा नंबर मलूल झाला होता. आमच्या घरामागच्या उकिरड्यातलं खत ऊबदार असतं, म्हणून मी दोन ओंजळी आणून खोक्यात घातलं. नियम मोडला, आणि वर चिठ्ठीवर खोटं लिहिलं.

मी रडतच होते. आज्जांनी चिठ्ठीवरची ती ओळ पुन्हा वाचली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"नोंद बदलली," पारख्या म्हणाला. "शेणखत असल्यास परवहन करणारा कोळी. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. धोका नाही." मग त्याने इरफानचा खोका जागेवर ठेवला आणि शीतकपाटाचं दार लावलं.

रोहिणीताईंनी डोळे पुसले आणि मग मला चांगलंच झापलं. या वर्षी मी सोडणीला खोका उघडायचा नाही, असं ठरलं. माझे भुंगेरे इरफान सोडेल. वाईट वाटलं, फार वाटलं. पण ते जिवंत होते.

आज्जांनी काचेच्या कडेला कोरी चिठ्ठी चिकटवली आणि शाईचं पेन माझ्यापुढे धरलं. "अशा कितीतरी कोळ्यांना अजून नावच मिळालेलं नाही. कदाचित यालाही नसेल. पन्नास वर्षांनी कुणी ही काच बघेल, तेव्हा त्याला विचारायला तू किंवा मी तिथे नसू. लिही."

मी डोळे पुसले आणि सावकाश, एकही शब्द न खोडता लिहिलं: 'भुंगेरा क्रमांक सतराच्या पंखाखाली. माती: आमच्या उकिरड्यातलं शेणखत, न वाफवलेलं. घालणारी: मैथिली गोजमगुंडे.'