पडद्यातलं दार

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होते. माझी मोठी बहीणही होती...

निदान त्या दुपारपर्यंत तरी.

अमरावती. राजापेठ. १९५८ चा मे महिना.

चिंतामणमामाचा तिथे फोटो स्टुडिओ होता. बंद पडलेल्या एका नाटक कंपनीचा रंगीत पडदा त्याने विकत घेतला होता. हिरवी बाग, पिवळा महाल, महालाला निळं दार. फोटो निघायचे काळे-पांढरेच. पण रंगीत पडद्यापुढे चेहरा खुलतो, असं मामा म्हणायचा.

अडचण एकच. खुर्चीत बसणाऱ्याच्या डोक्यामागे नेमकं ते दार यायचं. फोटोत वाटायचं, दार डोक्यातूनच उगवलंय.

म्हणून मामाने दारावर पिवळा रंग फासला.

दाराची भिंत झाली.

त्या नव्या भिंतीपुढे पहिली बसली ती माझी कुंदाताई. अकोल्याच्या स्थळाला फोटो पाठवायचा होता.

मामाने तिची मान मागच्या लोखंडी आकड्यात अडकवली. मान हलू नये म्हणून असतो तो. मग कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात स्वतःचं डोकं घातलं.

"हालू नको, कुंदे."

टक्... टक्...

"मामा, मागून कोणी ठोकून राहिलं."

"अकोल्याचा नवरदेव असन. लय घाई झाली त्याले!"

मी हसले. ताई हसली नाही.

पडद्यामागे खोलीची भिंत होती. मधे वीतभर जागा. मी वाकून पाहिलं...

कोणी नव्हतं.

पडदा मात्र हलत होता. जिथे दार होतं, तेवढाच.

"मामा, मान सोडव. मले उठू दे."

"काहून घाबरून राहिली? झालंच."

त्याने भिंगावरचं झाकण काढलं.

ठोकणं थांबलं.

त्याने झाकण बसवलं...

आता धडका होत्या. दोन्ही हातांच्या.

खुर्चीतून : झाला का फोटो, मामा?

पडद्यातून : शैले... मी आत आहे. दार उघड.

दोन्ही आवाज कुंदाताईचे.

खुर्चीतली ताई शांत बसली होती. ओठांवर फोटोतलं हसू.

पडद्यातून : मामा, हातपाय हलत नाहीत. काढा ना मले...

मामाचा चेहरा पांढराफटक. तो पाण्याची बादली आणि फडकी घेऊन आला.

"माझा रंग कच्चा आहे. धुतला की निघते. दम धर, पोरी!"

आम्ही दोघं पुसत सुटलो. पिवळा रंग ओघळला. खाली निळं दिसलं. कडी दिसली.

पडद्यातून : उजेड दिसून राहिला! अजून... अजून पुसा...

आम्ही जोर लावला.

निळा रंगही ओघळला.

नाटकाचे पडदे सरसाच्या पाण्यात कालवलेल्या रंगांनी रंगवतात. ओलं फडकं लागलं की सगळंच सुटतं. मामाला ते तेव्हा आठवलं.

"थांब, शैले! थांब!"

बादलीत निळं पाणी.

समोर कोरं कापड.

दार...

पडद्यातून :

पडद्यातून :

मामाने आकडा सोडवला. ताई उठली. पदर सारखा केला.

"किती वेळ लावला तुम्ही," ती म्हणाली. "चल, घरी आई वाट पाहत असेल."

फोटो छान आला. अकोल्याच्या लोकांनी लगेच पसंत केला.

दिवाळीला ती माहेरी येते. तिची मुलं मला मावशी म्हणतात. खोट काढावी असं तिच्यात काही नाही. तरी ती खोलीत आली की मी उठून बाहेर जाते.

मामा तो पडदा जाळायला निघाला होता. मी जाळू दिला नाही. गुंडाळून माझ्या खाटेशी उभा ठेवलाय.

दोरी मात्र घट्ट बांधत नाही...

आत जीव गुदमरायला नको.