चिंचेखालचं सोनं

डिओस्कोरो आत आला आणि त्याने आधी दाराला कडी घातली.

"मला वाचवा! दिवस मावळायच्या आत सोनं दिलं नाही, तर मळ्याचा मालक डॉन सेव्हेरिनो मला नदीत बुडवणार आहे. आणि सोनं माझ्याकडे नाहीच हो!"

पेत्रा मागबानुआ कॉफी ढवळत राहिली. इलोइलो प्रांताच्या त्या मुलखात पळालेले नवरे आणि खोटी मृत्युपत्रं हुडकून काढणारी ती एकटीच बाई. तिचा धाकटा मावसभाऊ तेम्योंग मात्र खिडकीशी गेला. समोर डॉनचे दोन बंदूकवाले उभे होते.

"मानांग," तो थोरल्या बहिणीला म्हणाला, "हे लफडं आपल्याला नको."

"गप्प बस. बोला तुम्ही."

डिओस्कोरो जमिनीतला धातू शोधणारी यंत्रं विकायचा. जपानी सैन्याने पुरलेल्या सोन्याच्या अफवांवर त्याचं पोट चालायचं. गिऱ्हाइकाला "सापडणारच" म्हणायचं आणि गाव सोडायचं, हा त्याचा शिरस्ता. या वेळी तो स्वतःच भुलला होता. लोला तिबाय नावाच्या म्हातारीने त्याला बाण कोरलेला दगड दिला. डॉनच्या मळ्यातल्या चिंचेखालचा म्हणे. युद्धात तिचा भाऊ सैनिकांसाठी खणायला गेला, तो परतलाच नाही.

"म्हणाली, आम्हाला डॉन फाटकाशी उभं करत नाही, तुमच्यासारख्या बूटवाल्याला नाही म्हणणार नाही. मी डॉनला अर्धा वाटा कबूल केला. काल यंत्र वाजलं. खणलं तर गंजकी तार. आणखी खणलं तर..." त्याने घाम पुसला. "कवटी! मजूर पळाले, मीही पळालो. सकाळी खड्डा रिकामा. डॉन म्हणतो, कवटीची थाप मारून सोनं तूच लांबवलंस."

पेत्राने त्याने आणलेल्या दगडावरच्या बाणाच्या रेघेवरून नख फिरवलं. नखाला पांढरी भुकटी लागली. ती उठली आणि दोघांना घेऊन निघाली; बंदूकवाले मागोमाग होते.

मळ्यात डॉन स्वतः खड्ड्याशी उभा होता.

"लोला तिबायला ओळखता?" पेत्राने विचारलं.

"ती? दरवर्षी फाटकाशी येऊन रडते. माझ्या वडिलांनी तिला आत घेतलं नाही, मीही घेत नाही."

"कशासाठी रडते?"

"कधी विचारलं नाही. माझं सोनं कुठंय ते सांगा."

खड्ड्यात तारेचे तुकडे पडले होते. सगळे गंजलेले, टोकं तेवढी चकचकीत.

"पक्कडीने कापलीय," पेत्रा म्हणाली. "तेम्योंग, सोनं चोरणारा तार कापत बसेल?"

तेम्योंगला ते कळलं नाही. खड्ड्यातल्या मेलेल्याची माफी मागून तो मागे सरला. आपल्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं त्याला सारखं वाटत होतं.

लोला तिबायच्या घराची स्वच्छता गावात वाखाणली जायची. आज मात्र जमिनीवर भाताची शितं आणि बिस्किटांचा चुरा पडला होता. भिंतीला टेकून पाच-सहा म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"दगड मिळाला, तो दिला," लोला म्हणाली. "खाली काय होतं, मला काय ठाऊक?"

तिने आल्याचा चहा दिला, पण पाहुणे निघाले तरी ती जागची हलली नाही.

"म्हातारीला रीतभात उरली नाही," तेम्योंग पायरीवर पुटपुटला. "दारापर्यंतसुद्धा आली नाही!"

पेत्रा थबकली. "काय म्हणालास?" आणि ती तडक आत वळली.

"लोला, आतल्या खोलीत कोण आहे?"

तेम्योंग उंबऱ्यावरच थांबला.

"घरात मढं असलं की आपण केर काढत नाही," पेत्रा म्हणाली. "पाहुण्याला दारापर्यंत सोडत नाही, आणखी कुणी मरेल म्हणून. तुमच्या घरात तर कुणी मेलेलं नाही. हा दगड तुम्हीच नुकता कोरलात, भुकटी अजून निघते. आणि डिओस्कोरो, सोनं तारेने बांधत नाहीत. माणसांचे हात बांधतात."

लोलाने आतलं दार उघडलं. मेणबत्त्यांच्या उजेडात एक लांब लाकडी पेटी होती.

"माझा भाऊ आपोलोनियो. आणि यांची माणसं," तिने म्हाताऱ्यांकडे बोट दाखवलं. "सैनिकांनी खड्डा खणून घेतला आणि त्यातच मारलं. मी उसात लपून पाहिलं. डॉनच्या बापाने नि मग डॉनने आम्हाला तिथं माती उकरू दिली नाही. सोनं म्हटल्यावर फाटक उघडलं. खड्डा तयार होता, पहाटे आम्ही कुंपणातून शिरलो. तारा आधी कापल्या. बांधल्या हातांनी कसं पुरायचं त्यांना?"

"आणि मी मरतोय त्याचं काय?" डिओस्कोरो किंचाळला. "मला फसवलंस तू!"

"तू गावोगाव सोन्याची थापच विकतोस ना रे, बाबा? आम्ही एकदाच विकली. पण तुझ्या जिवावर बेतेल असं वाटलं नव्हतं. माझं चुकलं."

"पेटी आत्ताच उचला," पेत्रा म्हणाली. "बाजारातून, सगळ्यांच्या देखत चर्चकडे. गावाने हाडं पाहिली की सोन्याचा विषय संपला. मग डॉन कुणाला हात लावतो ते बघू."

म्हाताऱ्यांना पेटी उचलेना. डिओस्कोरो क्षणभर दाराकडे पाहत राहिला. मग त्याने पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागचं टोक तेम्योंगने घेतलं.

अंगणात दोघे बंदूकवाले आडवे आले.

"ठेवा खाली! सोनं आहे ना त्यात?" थोरला ओरडला.

लोला पुढे झाली, बंदुकीच्या नळीपर्यंत.

"तुझा बाप आहे यात, सिमोन. तू तेव्हा आईच्या पोटात होतास."

सिमोनने झाकण थोडं सरकवलं. आत हाडं होती, सोनं नव्हतं. मग त्याने बंदूक तेम्योंगच्या हातात दिली, त्याला बाजूला केलं आणि स्वतः खांदा दिला. धाकट्याने वाट सोडली.

तेम्योंगने जन्मात बंदूक धरली नव्हती. ती छातीशी कवटाळून तो पेटीमागून चालू लागला.