कोऱ्या लेबलची रेकॉर्ड

तुळशीराम भुसावळला गेला होता तो शाळेसाठी ड्रॉइंगचे कागद आणायला. मलकापूरच्या शाळेत तो चित्रकलेचा मास्तर. आणि चित्रकलेच्या मास्तराला मुख्याध्यापक चित्रांपेक्षा बाजारहाटालाच जास्त पिटाळतात, हे सगळ्या शाळांत सारखंच. कागद घेऊन झाले, पॅसेंजरला वेळ होता, म्हणून तो जुन्या बाजारात शिरला. तिथं एका भंगारवाल्याकडे गोऱ्या साहेबांच्या बंद पडलेल्या क्लबातलं सामान आलं होतं. मोडक्या खुर्च्या, बिलियर्डच्या काठ्या, आणि एका पेटीत ग्रामोफोनच्या रेकॉर्डी. निम्म्या फुटलेल्या होत्या. उरलेल्या त्यानं शर्टाच्या टोकानं पुसून कागदांबरोबर पिशवीत घातल्या. त्यातल्या एकीच्या लेबलवर काहीच छापलेलं नव्हतं, नुसता पांढरा गोल कागद होता.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मलकापुरात भजनाला रात्र रात्र बसणारे होते, कव्वालीवर जीव टाकणारे होते. जाझ ऐकणारे मात्र सगळ्या तालुक्यात दोघंच, तुळशीराम आणि त्याचा दोस्त सहदेव. सहदेव पूर्वी पलटणीच्या बँडात ट्रंपेट वाजवायचा. लढाईच्या दिवसांत शेजारी अमेरिकन शिपायांची छावणी पडली आणि तिथं त्याला ही चटक लागली. नोकरी सुटल्यावर तो गावी आला, स्टेशन रोडवर सायकलचं दुकान टाकलं, आणि एकट्यानं बिघडण्यात मजा नाही म्हणून मास्तरालाही बिघडवलं.

दर रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत बैठक बसायची. दाराला ओलं गोणपाट, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली चावीचा ग्रामोफोन. ऐकायची रीत मात्र दोघांची पक्की देशी होती. मांडी घालून बसायचं आणि कलाकार समोर असल्यासारखी दाद द्यायची. लुई आर्मस्ट्राँगनं एखादी जागा घेतली की सहदेव मांडीवर थाप मारून ओरडायचा, "क्या बात हाये, लुईबाबा!" कुणी चुकला तर त्यालाही तोंडावर सुनवायचा. गल्लीतले लोक हसायचे. सहदेवला त्याचं काही नव्हतं.

त्याचं स्वतःचं ट्रंपेट हिरव्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी क्षयानं त्याचं एक फुप्फुस निकामी केलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ते तोंडाला लावशील तर जीव जाईल. श्वास घेताना त्याच्या छातीत एक बारीक शीळ वाजायची, मध्येच अडकायची आणि पुन्हा सुरू व्हायची. त्याची बायको तानाबाई रात्री त्या शिळेच्या भरवशावर झोपायची. शीळ थांबली की ती दचकून उठायची. "आता फुकायचं काम पंपाकडं," असं सहदेव सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना हसून म्हणायचा, पण खुंटीकडे बघायचं टाळायचा.

मास्तर भुसावळहून आल्यावरच्या रविवारी वाद जुनाच रंगला होता. मोठा कलाकार मोठा कशानं होतो?

"रियाजानं," तुळशीराम म्हणाला. "दुसरं काय?"

"रियाज तं पलटणीत सारेच करत, मास्तर. पोट भरन त्यानं." सहदेव चावी देत म्हणाला. "खरा वाजवनारा कोन? पुढं काय येते हे माईत नसताना जो पाय उचलते, थो. बाकीचे पायरी पाहून चढतात."

मग त्यानं कोऱ्या लेबलची रेकॉर्ड लावली. संथ चाल होती. मागे पियानो, ढोलावर तारेच्या ब्रशची सळसळ. मग एक ट्रंपेट उठला. कोण वाजवतोय ते दोघांनाही ओळखू येईना, पण सुरात काहीतरी होतं, तुळशीराम सरसावून बसला. ट्रंपेट हळूहळू वर गेला, सगळ्यात वरच्या सुराशी पोचला आणि फाटला. मग घाईघाईनं खाली उतरून त्यानं गाणं संपवलं.

"भेला!" सहदेव ओरडला. "अरे, वरच्या सुराले काऊन भेतं? दम धर, मंग चढ. हाये तुह्यात ताकद!"

पुढच्या रविवारी तीच रेकॉर्ड लावली. ट्रंपेट उठला, वर गेला, सुराखाली क्षणभर थांबला, आणि मग स्वच्छ, अखंड, वरच्या सुरावर जाऊन उभा राहिला.

 रेकॉर्ड संपली तरी सुई खरखरत राहिली.

"आपन… मांगच्या वेळी नीट आयकलं नसन," तुळशीराम म्हणाला.

"माह्ये कान गेले नाईत, मास्तर. फुप्फुस गेलं." सहदेवचे डोळे चमकत होते. तो ग्रामोफोनपुढे वाकला आणि शिष्याला सांगावं तसा म्हणाला, "झकास. आता उतरताना घाई नको करू. शेवटची जागा दोनदा घे."

त्यानं पुन्हा सुई ठेवली. ट्रंपेट सावकाश उतरला. शेवटची जागा त्यानं दोनदा घेतली.

 गोणपाटाच्या ओल्या वासात आणखी एक वास मिसळला होता, पितळेला घासायच्या पावडरीचा. त्या खोलीत दोन वर्षांत कुणी पितळ घासलं नव्हतं. "भाऊ, मी हे परत नेऊन टाकतो," तो म्हणाला.

"पागल झाला का बे?" सहदेव मोठ्यानं हसला, हसता हसता खोकला. "भूत म्हनशीन आता. आमच्या घरात भुताले जागा नाई. धम्म घेतला तवाच थे सारं सोडलं. हा कलाकार हाये. याले फकस्त सांगनारा भेटला नव्हता."

आणि खरंच, तो भ्यायलाच नाही. आठवडाभर दुकानात पंक्चर काढताना तो शीळ घालत होता, त्या अनोळखी माणसाला पुढे काय शिकवायचं याचा विचार करत होता. इतका खूश तो दुखण्यानंतर कधी दिसला नव्हता. तुळशीरामला त्याचा आनंद मोडवेना. रेकॉर्ड परत न्यायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतरच्या रविवारी ट्रंपेट उठला, थोडा वाजला आणि थांबला. पियानो चालू होता, ब्रश सळसळत होते. ट्रंपेटची जागा मात्र रिकामी. पुन्हा तो थोडा वाजला, पुन्हा थांबला.

तानाबाई चहा घेऊन आली होती. दारातच थांबून ती म्हणाली, "याच्या जोडीचा कुठं गेला? हा तं वाट पाहून राह्यला कोनाची तरी."

सहदेव उठला. तुळशीरामला कळलं आणि त्यानं त्याचा हात धरला. "नको. सहदेवा, नको… डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"सोड, मास्तर." आवाज शांत होता. "मले बोलावून राह्यला तो. जनमभर दुसऱ्याले सांगत बसू का, भेऊ नको म्हनून?"

"आयकता का?" तानाबाई म्हणाली. "माह्याकडं पाहा… माह्यासाठी तरी…"

सहदेवनं तिच्याकडे पाहिलं, आणि हिरवी पिशवी खाली काढली.

तुळशीरामनं पुढे आयुष्यात पुष्कळ ऐकलं, पण तसं ट्रंपेट पुन्हा ऐकलं नाही. रेकॉर्डवरच्यानं विचारावं, सहदेवनं उत्तर द्यावं. त्यानं चढवावं, यानं त्याच्याही वर न्यावं. तुळशीरामच्या डोळ्यांना धार लागली. भीती, डॉक्टर, सगळं विसरून तो मांडीवर थाप मारत होता, "वा, सहदेवा, वा!" म्हणत होता. सुई आत लेबलापाशी पोचली, शेवटच्या रेघेत फिरत राहिली, तरी पियानो थांबला नाही. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की सहदेव केव्हापासून वाजवतोय, आणि मध्ये त्यानं एकदाही श्वास घेतलेला नाही.

सहदेवनं ट्रंपेट खाली घेतलं. चेहऱ्यावर घाम नाही, छाती शांत. "कसं झालं?" तो म्हणाला, आणि गार झालेला चहा एका घोटात प्याला.

सहदेव ठणठणीत झाला. खोकला गेला, चेहरा भरला. सिमेंटची गोणी उचलून सरळ चालायला लागला. लग्नाच्या बँडवाल्यांना बातमी लागली, वाजवायच्या सुपाऱ्या येऊ लागल्या. तुळशीरामनं तर शाळेत पेढे वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही. रविवारी बैठक भरायची, सहदेव त्या अनोळखी माणसाबरोबर वाजवायचा, आणि मास्तर दाद द्यायचा.

एका दुपारी मधल्या सुट्टीत तानाबाई शाळेच्या फाटकाशी उभी होती. डोळे खोल गेले होते.

"भाऊजी, रात्री यांचा आवाज येत नाई."

"बरे झाले म्हनून येत नसन, वहिनी."

"तसं नाई." ती आजूबाजूला बघून हळू बोलली. "मी नाकापुढं हात धरला. रातभर धरला, भाऊजी. काईच लागत नाई. बोलतात, जेवतात, हसतात… पन श्वास नाई."

तुळशीराम तिला फाटकाबाहेर भिंतीच्या आडोशाला घेऊन गेला.

"थे रेकॉर्ड लावून देता का? हे बँडात गेले हायेत. मले एकदा नीट आयकू द्या."

दोघं खोलीत आली. मास्तरनं सुई ठेवली. पियानो, ब्रश, ट्रंपेट. तानाबाईनं ग्रामोफोनच्या पेटीला कान लावला. तुळशीरामनंही मग लावला. वाद्यांच्या मागे, अगदी तळाशी, एक बारीक शीळ होती. यायची, मध्येच अडकायची, पुन्हा सुरू व्हायची.

"हाव," तानाबाई म्हणाली. "हेच."

तुळशीरामला संताप आला. ही वस्तू त्यानंच घरात आणली होती. त्यानं रेकॉर्ड उचलली आणि उंबऱ्यावर आपटायला हात वर नेला. तानाबाईनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं.

"फोडू नका! यांचा श्वास हाये त्यात!"

त्यानं हात खाली घेतला. तेव्हा त्याला सुईच्या टोकाला धरलेली काळी भुकटी दिसली. पोलादी सुई रेकॉर्ड खाते, हे त्याला इतकी वर्षं माहीत होतं. प्रत्येक वेळी लावली की थोडी झिजते. आणि सहदेव दर रविवारी तीच तीच लावायला सांगत होता.

दोघांनी ठरवलं. रेकॉर्ड धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवली, आणि सहदेवला सांगितलं की मास्तराच्या हातून पडली, फुटली.  सहदेव हसला. "फुटू दे. शिकवायचं होतं तेवढं शिकवून झालं त्याले. आता मी एकटा वाजवतो."

तुळशीरामला हायसं वाटलं. रेकॉर्ड सांभाळली की माणूस सांभाळला, एवढा साधा हिशेब. रोज शाळा सुटल्यावर तो तानाबाईकडे डोकावायचा. ती कणगीत हात घालून रेकॉर्ड बाहेर काढायची. काळ्या तबकडीवर वाफ धरलेली असायची, तोंडापुढे आरसा धरल्यावर धरते तशी. ती पदरानं पुसायची. वाफ विरायची, पुन्हा धरायची. तेवढं बघून दोघं निश्चिंत व्हायची.

लग्नाचा मोसम होता. त्या दिवशी संध्याकाळी कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरची वरात स्टेशन रोडवरून निघाली होती आणि पुढे सहदेव होता. सगळी गल्ली ओट्यावर आली होती. घरात फक्त ती दोघं. तुळशीराम खिडकीशी उभा राहून ऐकत होता. त्याला अभिमान वाटत होता आणि तो त्यानं लपवला नाही. "पाहा वहिनी, काय वाजवून राह्यला! सारं गाव वेडं केलं त्यानं."

 रेकॉर्ड तानाबाईच्या मांडीवर होती. वाफ येत होती आणि जात होती, नेहमीपेक्षा लवकर लवकर. बाहेर ट्रंपेट चढत होता. तुळशीराम वळला, तिच्याजवळ येऊन बसला. वाफ आता, बाहेरच्या प्रत्येक सुरासरशी, नीट धरायच्या आतच विरत होती.

"थांबवा त्यायले," तानाबाई म्हणाली. "भाऊजी, जा…"

तो दारापर्यंत धावला. समोर वरातीची गर्दी, गॅसबत्त्या, नाचणारी पोरं, वाट मिळेना. "सहदेवा!" त्यानं हाक मारली. ताशांत ती कुठल्या कुठे गेली. ट्रंपेट सगळ्यात वरच्या सुरावर पोचला, तिथं उभा राहिला, मग थांबला. गल्ली एका आवाजात ओरडली, "वन्समोअर! वन्समोअर!"

तुळशीराम मागे वळला. तानाबाई तबकडी पदरानं पुसत होती, पुन्हा पुसत होती, तिच्याकडे टक लावून बघत होती. तबकडी कोरडी होती. काळी, स्वच्छ, कोरडी. तुळशीराम किती वेळ तबकडीपुढे बसून राहिला ते त्याला कळलं नाही, पण तिच्यावर पुन्हा वाफ धरली नाही.

बाहेर लोकांनी टाळ्या पिटल्या. सहदेवनं पुन्हा वाजवायला सुरुवात केली होती.