कडेला उभी

त्याने आपला कोट माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सांभाळून हं, नवा आहे."

मी काही कोट सांभाळणारी नव्हते. एका नव्या अत्तराची पार्टी होती आणि तिच्या दारात मी आमच्या फोटोग्राफरची वाट बघत ताटकळत उभी होते. माझा काळा ड्रेस नेमका तिथल्या नोकरमंडळींच्या गणवेशासारखा निघाला, त्याला मी काय करणार? दुसरी एखादी ओशाळली असती. मी तो कोट सरळ अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि आत गेले.

तासाभराने स्वारी समोर हजर. "तो कोट..."

"छान आहे," मी म्हणाले. "खांद्यात जरा सैल होतो, एवढंच."

तो हसला. आणि काय सांगू, तो हसला की समोरच्याला वाटतं, हा आजवर दुसऱ्या कुणाकडे बघून हसलाच नसेल.

त्याला कोण ओळखत नव्हतं! हिऱ्यांच्या पेढीचा एकुलता एक वारस, बड्या फॅशन शोंमध्ये सगळ्यांच्या शेवटी दिमाखात येणारा. आमच्या साप्ताहिकात पार्ट्यांचं पान मी करायचे. कोण आलं, काय नेसलं, कुणाला बघून कुणाचं तोंड वाकडं झालं. त्या पानावर तो नाही असा आठवडा जात नसे. ऑफिसात आम्ही त्याला 'झुंबर' म्हणायचो, कारण कुठल्याही दिवाणखान्यात हा आपला बरोबर मध्यभागी! हे मी त्याला सांगूनही टाकलं.

"मग माझ्याखाली उभ्या राहू नका," तो म्हणाला. "डोक्यात पडेन."

"पडा की. डोकं टणक आहे माझं."

कुठलं टणक! पुढच्याच महिन्यात आम्ही 'अहो-जाहो'वरून 'अरे-तुरे'वर आलो होतो.

दुपारी ऑफिस सुस्त असलं की तो यायचा. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकून मला स्क्रीनवर फोटो कापताना बघत बसायचा. मला 'कात्रीबाई' म्हणायचा.

"कात्रीबाई, या बिचारीला का उडवलंत?"

"कडेला उभी होती म्हणून. मधल्या माणसाला कापता येत नाही, कडेच्याला येतं. म्हणून तर मुरलेली मंडळी कायम मधे घुसतात. आणि एखादा पाहुणा नकोसा असला तर गोड बोलून त्याला कडेला उभं करतात."

"आणि कडेच्याला वाचवायचं असेल तर?"

"त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. मग नाही कापता येत. नुसती बोटं उरतात फोटोत, भुतासारखी."

त्याने अलगद माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असा?"

"...असा." त्या दिवशी मी पुढचे सगळे फोटो वाकडे कापले.

आई दुसऱ्या गावी, मावशीजवळ राहायची. तिला मी काहीच लपवून ठेवलं नव्हतं. तिचा प्रश्न मात्र एकच असायचा, "त्याच्या घरच्यांना ठाऊक आहे का गं?" मी म्हणायचे, सांगेल तो. ती म्हणायची, "बरं." त्या 'बरं'मध्ये एवढं काही असायचं की फोन ठेवल्यावर मला जेवण जात नसे.

मला त्याचा बंगला नको होता, गाडी नको होती. त्याने चारचौघांत, उजेडात, माझ्या शेजारी उभं राहावं एवढंच हवं होतं. म्हणून तो जेव्हा म्हणाला, "आमच्या पेढीचा समारंभ आहे. या वेळी कामाला नको, माझ्याबरोबर ये," तेव्हा मी वेड्यासारखी नाचले. आईला सांगितलं, येत्या अंकात आमचा फोटो असेल. ती म्हणाली, "मावशीलाही एक अंक घेते." या वेळी 'बरं' म्हणाली नाही.

समारंभात तो मला स्वतः दारापर्यंत घ्यायला आला. मी हिरवी साडी नेसले होते. "आज झुंबर तू आहेस," कानाशी येऊन म्हणाला. खोटं नव्हतं ते, त्याचा आवाज ओला झाला होता. मग आमचाच फोटोग्राफर ओरडला, "सगळे एकत्र या!" त्याची आई आली, गळ्यात पेढीचा सगळ्यात मोठा हार. एक मंत्रीबाई आल्या, दोन नट्या आल्या. तो मधे. माझ्या पाठीला हलकेच हात लावून त्याने मला आपल्या डावीकडे घेतलं. माझ्या पलीकडे कुणीच नव्हतं. मी कडेला होते, पण त्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मला जगाची पर्वा नव्हती.

फोटोग्राफर म्हणाला, "तयार?" आणि माझ्या खांद्यावरचा तो हात निघाला. तो अर्धं पाऊल आपल्या आईकडे सरकला. मग प्रकाश चमकला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो माझ्याच स्क्रीनवर आला. आमच्या संपादकबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, वाकून फोटो बघितला. मग म्हणाल्या, "पान तुझं आहे. तू ठरव."

मी त्याला फोन लावला. "हात का काढलास?"

"कधी? ...अगं, सवय असते. आईला जरा तयार होऊ दे, मग सांगूच ना सगळ्यांना. एका फोटोचं काय घेऊन बसलीस? माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"आहे, ठाऊक आहे मला. माझंही आहे. तुझं एकांतातलं आहे, माझं तेवढ्यावर भागत नाही. आता दुपारी येऊ नकोस."

"कात्रीबाई, ऐक तरी—"

मी फोन ठेवला आणि हुंदके देऊन रडले. संपादकबाईंनी दार लोटून घेतलं. मग डोळे पुसून मी कामाला लागले. आम्हा दोघांच्या मधे एवढी जागा सुटली होती की कुठे कापायचं ते शोधावंच लागलं नाही. माझी हिरवी साडी गेली, त्याच्या बाहीचा एक धागाही कापला गेला नाही. फोटोखाली मी लिहिलं, 'समारंभाचा मानकरी, नेहमीसारखाच देखणा.' तो होताच देखणा, खोटं कशाला लिहू?

अंक आला त्या सकाळी आईचा फोन. "अगं, पान उलटसुलट करून बघितलं. मावशीनेही चष्मा लावून बघितलं. तो आहे, त्याची आई आहे. तू कुठे आहेस?"

"फोटोच्या वेळी मी... तिथे नव्हते गं."

पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली. आई पान पुन्हा बघत असावी.

"तू नव्हतीस," ती म्हणाली, "मग एवढा सुखात कसा हसतोय गं हा?"