रणगाड्यावरच्या मुंग्या

सराफ्यात एका सोनाराच्या दुकानावर लतिका फुलझेलेची गुप्तहेर कचेरी होती. गिऱ्हाइकं बहुतेक मुलींचे बाप. मुलाचा पगार खरा आहे का, केस खरे आहेत का, आणि आधीची बायको खोटी आहे का, एवढंच शोधायचं असे. बंडू गजभिये तिचा मदतनीस होता; तो तिला दीदी म्हणे. स्कूटर बंडूची, डोकं दीदीचं. ही वाटणी दोघांनाही मान्य होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भय्यासाहेब सप्रे धापा टाकत जिना चढून आले. ते जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्याचे वर्क्स मॅनेजर. कारखान्याचं नाव सांगायला बंदी आहे. गेटसमोरच्या पानठेल्यावर विचारावं.

"ओळखलंत ना? आमच्या भानुमतीच्या स्थळाची चौकशी तुम्हीच केली होती."

"आठवतं. मुलगा चांगला होता," लतिका म्हणाली.

"हो. त्याची बायकोही चांगली होती." भय्यासाहेबांनी घाम पुसला. "त्याहून मोठं संकट आलंय. आम्ही सैन्याचे जुने रणगाडे नवे करतो. नवं इंजिन, नवं चिलखत आणि अंधारात दिसणारी दुर्बीण. समोरच्याच्या अंगाची ऊब दिसते तिच्यातून. उद्या सैन्याची समिती येतेय. पहिला रणगाडा पास झाला, तर बाकीचे सगळे आमच्याकडे. आणि आज सकाळी शेड उघडली, तर इंजिनिअर सांगते, दुर्बिणीची काच तडकलेली! घातपात आहे हा."

"पोलिसांत जा."

"पोलिसांत गेलो तर रणगाडा पुरावा होईल. एकदा पुरावा झाला की तो हलत नाही. आमची एक लॉरी अजून पुरावा आहे. तिच्यात पिंपळ उगवलाय."

"संशय कोणावर?"

"एक फिटर आहे. नवमीला शेडमध्ये शस्त्रपूजा झाली. सगळे हजर, हा गैरहजर. पूजा आटोपून सगळे कँटीनमध्ये पेढे खायला गेले, तेव्हा हा एकटा आत शिरला. दुर्बिणीचं झाकण यानेच लावलं, शेड यानेच बंद केली, आणि त्याच संध्याकाळी नागपूरला पसार! आज आला. विचारलं, काचेला हात लावला होतास? म्हणतो, हो, पुसली. काय पुसलं, ते सांगत नाही. निलंबनाचा आदेश माझ्या खिशात आहे. संध्याकाळपर्यंत दुसरं कोणी सापडलं नाही, तर समितीला घातपाती म्हणून याचंच नाव जाईल. डोमाजी गजभिये."

बंडूच्या हातून एका नवरदेवाचे फोटो खाली पडले.

"डोमाजी गजभिये याचे वडील," लतिका शांतपणे म्हणाली. "अजून काम द्यायचं आहे का?"

भय्यासाहेब ओशाळले. "तसा माणूस चांगला आहे," ते म्हणाले.

"पसार काय, सर?" बंडूचा आवाज चिरकला. "दसऱ्याले आमच्याकडचे सगळेच दीक्षाभूमीले जातात."

पण बोलता बोलताच त्याला प्रश्न पडला. बाबा काय पुसलं ते सांगत काहून नाहीत?

"पेट्रोल भरून येतो, दीदी," तो म्हणाला आणि थेट घरी गेला.

आई, कलावती, अंगणात वाळवण घालत होती. बाबा नागपूरहून उतरून परस्पर ड्युटीवर गेले होते. नवमीला ड्युटीवर नेलेली पिशवी खुंटीला तशीच होती. बंडूने हात घातला. डबा, चष्म्याचं घर, आणि तळाशी एक मऊ पिवळं फडकं. वाळून कडक झालेलं. त्यावर लाल डाग. आंबूस वास.

रक्त, बंडूच्या मनात आलं. काच फोडताना हात कापला असणार.

त्याने पुढे विचार केला नाही. पुढे विचार करण्याचं काम दीदीचं होतं, आणि दीदीला हे दाखवायचं नव्हतं. फडकं डिक्कीत टाकून तो तिलवाऱ्याच्या पुलावर गेला आणि नर्मदेत ते भिरकावलं. वाऱ्याने ते उचललं, फिरवलं आणि नागपूरहून येणाऱ्या बसच्या काचेवर चिकटवलं. बस थांबली. ड्रायव्हर उतरला, फडक्याची नीट घडी घातली आणि बंडूच्या हातात दिली.

"भैया, आपका रूमाल।"

बंडूने त्याचे आभार मानले. फडकं पुन्हा डिक्कीत गेलं.

"पेट्रोल रिफायनरीतून आणलं का?" लतिकाने एवढंच विचारलं.

शेडमध्ये दोन रणगाडे शेजारी शेजारी उभे होते. तडकलेला, आणि त्याच्या मागोमाग तयार झालेला धडधाकट. तडकलेल्याच्या तोफेला झेंडूचा हार होता, पट्ट्याखाली लिंबं होती. एवढं प्रचंड धूड बंडूने मान मागे टाकून वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो दाराजवळच्या दगडावर बसला.

"अरे भैया, उठिए!" चौकीदार श्यामसुंदर धावत आला. "पूजा का पत्थर है। नारियल फोड़ने का। हमने खुद गेरू लगाया है, देखिए, एक खरोंच नहीं थी!"

बंडू उठला. अखंड लाल दगडावर आता त्याची बैठक उमटली होती, आणि दगडाचा रंग त्याच्या पँटवर.

"पूजेच्या वेळी रणगाड्याला कोणी हात लावला होता?" लतिकाने विचारलं.

"राम राम, दीदी! किसी ने नहीं। साहब ऊपर चढ़े, पूजा की, फोटो खिंचवाया, उतर आए। बस।"

"प्रसाद?"

"पेड़ा और नारियल। साहब का नारियल हर साल एक ही वार में टूटता है। इस साल दो लगे। बोले, किसी की नज़र है।"

दुर्बिणीची इंजिनिअर अंजनी रणगाड्यावर उभी होती. नागपूरची पोरगी, डोळे रडून सुजलेले. तिने दोघांना वर घेतलं. तोफेच्या फिरत्या बुरुजावर एक पेटी होती, पेटीचं झाकण उघडं, आत पुस्तकाएवढी काळपट, चकचकीत, तिरकी बसवलेली पाटी.

"काच कुठे आहे?" बंडूने विचारलं.

"हीच."

"ही तर लोखंडाची आहे. आरपार दिसत नाही."

"उजेड हिच्यातून जात नाही, फक्त ऊब जाते. सगळे फसतात." अंजनीने बोट दाखवलं. कोपऱ्यातून कोपऱ्यात एक बारीक रेघ गेली होती. लालसर.

"गंज?" लतिकाने विचारलं.

"ही गंजत नाही. तो लाल रंग कसला, मलाही कळलेलं नाही."

रेघेच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. शत्रूला जे जमलं नव्हतं ते त्यांनी करून दाखवलं होतं. बुरूज त्यांच्या ताब्यात होता.

"ऊब असेल म्हणून आल्या असतील," बंडू म्हणाला. लतिका अंजनीकडे वळली.

"हे झाकण नवमीला उघडं कसं?"

"फोटोसाठी उघडं ठेवा म्हणाले सर. मी त्या दिवशी रजेवर होते. नाहीतर..." अंजनीचा आवाज बसला. "या पाटीला मऊ फडक्याशिवाय काही लावायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. ऐकायचे फक्त डोमाजीकाका."

डोमाजी शेडच्या मागे बाकावर बसले होते. हात मांडीवर. बंडूने त्या हातांकडे पाहिलं. एकही जखम नव्हती. त्याला ते दिसलं, पण कळलं नाही.

"काका, पाटीवरून काय पुसलं?" लतिकाने विचारलं.

"लागलं होतं काही."

"काय?"

"ते बोललो तं लफडं होईल, बाई. राहू द्या."

"नोकरी जाऊन राहिली, काका. वरून घातपाती म्हणतील."

"म्हणू द्या."

"तुमच्या मते कोणी फोडली?"

डोमाजींनी मान वर केली. "म्या पाहिलं नाई. जे पाहिलं नाई, त्यात कोणाचं नाव काहून घेऊ?"

बंडूने नजर वळवली आणि बराच वेळ एका तेलाच्या पिंपाकडे पाहिलं.

बाहेर स्कूटरपाशी लतिका थबकली. चाकावरून, इंजिनवरून मुंग्यांची एक रांग डिक्कीत शिरत होती.

"बंडू, डिक्की उघड."

"दीदी, रिकामी आहे."

"मुंग्यांना सांग."

त्याने उघडली. लतिकाने फडकं घेतलं, हुंगलं, लाल डाग नखाने खरवडला. रंग भुकटी होऊन उडाला. तिने बंडूकडे पाहिलं. चुकार नवरदेवांचे फोटो पाहताना ती असंच पाही.

"रक्ताची अशी पूड होत नाही, बंडू. चल, एक नारळ घेऊन ये. शेंडीवाला."

संध्याकाळी सगळे शेडमध्ये जमले. लतिकाने नारळ भय्यासाहेबांच्या हातात ठेवला.

"साहेब, नवमीला पूजा कशी केली, तशीच करून दाखवा. या दुसऱ्या रणगाड्यावर. झाकण उघडंच आहे. मला एकदा पाहायचं आहे."

भय्यासाहेबांना अशा विनंत्या आवडत. ते चढले. श्यामसुंदरने खालून मोबाईल धरला. साहेबांनी पोट आत घेतलं, शेंडी डाव्या बाजूला घेतली, देवाचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दुर्बिणीच्या चकचकीत पाटीवर नारळ उगारला.

"सर!" अंजनी किंचाळली.

लतिकाच्या सांगण्यावरून साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या बंडूने त्यांचं मनगट पकडलं. नारळ हवेतच राहिला.

"काय झालं?" भय्यासाहेब म्हणाले. "दरवर्षी फोडतो मी."

"दरवर्षी दगडावर," लतिका म्हणाली. "यंदा फोटोसाठी वर चढलात. दगड दारातच राहिला. त्याचा गेरू आज सकाळपर्यंत अखंड होता, बंडू बसेपर्यंत. मग प्रसादाचा नारळ कुठे फुटला? मुंग्या पाटीवर कशासाठी? नारळाच्या पाण्यासाठी. न गंजणाऱ्या पाटीत लाल रेघ कसली? पूजेचं कुंकू, तड्यात भरलेलं. तुमचा नारळ दरवर्षी एका फटक्यात फुटतो. यंदा दोन लागले. कारण पहिल्या फटक्यात पाटी फुटली."

"पण ती... लोखंडाची पाटी होती," भय्यासाहेब पुटपुटले. "इतकी चकचकीत. मला वाटलं, पूजेसाठीच बसवली."

"आणि हे सगळ्यांनी पाहिलं." लतिका वळली. "विचारलं तर म्हणतात, कोणी हात लावला नाही. खोटं कोणीच बोललं नाही. पूजेला हात लावणं म्हणत नाहीत ना!"

श्यामसुंदरने मोबाईल खाली केला. कामगारांपैकी कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"मागाहून डोमाजीकाका आत आले. पाटीवर पाणी, कुंकू. अंजनीमॅडमनी शिकवलं तसं मऊ फडक्याने पुसलं. एक लाल रेघ निघाली नाही. त्यांना वाटलं, कुंकूच चिकटलं. झाकण लावून गेले." तिने फडकं पुढे धरलं. "हे ते फडकं. वास घ्या. आंबलेलं नारळपाणी."

"मग मला सांगितलं का नाही?" भय्यासाहेब जवळजवळ रडत म्हणाले. "डोमाजी, का नाही सांगितलं?"

डोमाजी जमिनीकडे पाहत बोलले. "काय सांगू, साहेब? गजभियेनं पूजा पुसली, असं? जो पूजेले थांबत नाई, त्यानं येऊन कुंकू पुसलं. तडा राहिला असता बाजूले."

 डोमाजींनी सांगितलं असतं, तर आपण काय बोललो असतो, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

भय्यासाहेब खाली उतरले. नारळ ठेवायला त्यांना जागा सापडेना. तो काखेत धरूनच त्यांनी खिशातला आदेश काढला आणि बारीक तुकडे केले.

"समितीला नाव द्यायचं होतं ना, साहेब?" लतिका म्हणाली.

"माझंच देतो." ते अंजनीकडे वळले. "उद्या हा दुसरा दाखवू. आणि त्याचं झाकण लावा. मी असेपर्यंत उघडू नका." मग त्यांनी डोमाजींपुढे हात जोडले. नारळ काखेतून निसटला आणि गडगडत रणगाड्याखाली गेला. तो काढायला कोणीही वाकलं नाही.

"एक विचारू?" श्यामसुंदर म्हणाला. "दीदी, ये कपड़ा मिला कहाँ?"

"सांभाळून ठेवलेलं होतं," लतिका म्हणाली.  डोमाजींनी बंडूकडे पाहिलं.

घरी जाताना बाप स्कूटरवर मागे बसला. गेट मागे पडल्यावर त्याने विचारलं.

"फडकं कुठं भेटलं बाईले?"

"डिक्कीत."

"अन् डिक्कीत कसं गेलं?"

"म्या ठेवलं. म्हणजे आधी नर्मदेत टाकलं होतं. वापस आलं." बंडू समोर बघतच म्हणाला. "मले वाटलं, रक्त हाय, बाबा. मले वाटलं, तुम्हीच..."



"साहेबाले वाटलं, त्याचं काई नाई," डोमाजी म्हणाले. "त्यानं मले कधी पाहिलंच नाई."

पुढचं वाक्य येईल म्हणून बंडूने स्कूटर हळू केली. ते आलं नाही. सिव्हिल लाइन्सच्या सिग्नलला थांबल्यावर बाजूचा रिक्षावाला त्याच्या मांडीपर्यंत लाल झालेल्या पँटकडे पाहून हसला. बंडूने मान खाली घातली.

मानेवर एकदम बापाचं बोट टेकलं. बंडू दचकला.

"हलू नको," डोमाजी म्हणाले. "मुंगी हाय."