कलम सात आणि अर्धा गिलास

बाटलीतलं पाणी ऊन झालं होतं, म्हणून मी ते ओतून दिलं. देवाशपथ, एवढंच केलं होतं मी. नांदेडहून लातूरपर्यंत एसटीच्या खिडकीत ते चहासारखं तापलेलं, पिववत नव्हतं. सरकारी विश्रामगृहाच्या पायरीवर उभी राहिले, बाटली उपडी केली... आणि अंगणातली सगळी माणसं बोलता बोलता थांबली. एका म्हातारीनं तर पदर तोंडाला लावला.

"अहो, हे काय करायलात तुम्ही?"

मी वळून पाहिलं. पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. तो माझ्याकडं बघतच नव्हता. फरशीवर पसरलेल्या ओलीकडं बघत होता, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच. तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं. ज्या गावाला त्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी येत होतं, तिथं मी भर दुपारी पाणी सांडत उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"ऊन झालं होतं," मी पुटपुटले.

"ऊन पाण्यानं भांडी निघतात," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून जरा नरमला. "जाऊ द्या. पुढच्या टायमाला निदान झाडाच्या बुडाला तरी घाला."

मी गेले होते एका सुनावणीला. सरकारनं नवं विधेयक आणलं होतं, टंचाईत एका जिल्ह्याचं पाणी दुसऱ्या जिल्ह्याला नेण्याचं. त्यावर आमदारांची समिती गावोगाव फिरून लोकांचं म्हणणं ऐकत होती. मी नुकतीच वकिलीची परीक्षा पास होऊन आमच्या भागाच्या आमदारसाहेबांच्या नांदेडच्या कार्यालयात कायद्याची कामं बघायला लागले होते. त्यात माझं गाव मुदखेड, रेल्वेचं जंक्शन. विधेयकाच्या कलम सातात सरळ लिहिलेलं, की लातूरच्या गाड्या मुदखेडला भरायच्या. मुदखेडच्या माणसांनी मग काय प्यायचं, ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझा सगळा जीव त्या एका कलमात अडकला होता.

सुनावणीत कळलं, की विभूतीवाला औशाचा, नाव वीरभद्र, आणि लातूरच्या आमदारांकडं तो माझ्यासारखंच काम करतो. म्हणजे समोरचा पक्ष! तो आधी बोलला, फार चांगलं बोलला, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. मग मी उठले आणि दोन वाक्यांत माझा घसा कोरडा ठक्क पडला. बाटली रिकामी. कुणी रिकामी केली? मीच! सगळे बघतायत, मी खोकतेय... आणि हा बाबा समोरून उठून माझ्यापाशी आला. हातात गिलास, तोही अर्धा.

"अर्धा चालेल ना? आमच्याकडं आता पाहुण्याला अर्धाच देतात. लागला तर परत देतात, पण उरलेलं टाकू देत नाहीत."

सभा हसली. मी थेंबही न ठेवता प्यायले. गिलास परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि पुढं मी समितीसमोर काय बोलले ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. नंबर कुठून मिळवला विचारलं, तर म्हणे समितीच्या कागदावर होता, आणि काम फक्त कलम सातचं आहे. बरं बाई, कलम सात तर कलम सात. मी म्हणायची, पाणी देणाऱ्या गावाची संमती पाहिजे. तो म्हणायचा, तहानलेल्यानं संमतीची वाट बघत बसायचं का? मी एक दुरुस्ती सुचवली, की तो तिला उपदुरुस्ती सुचवायचा. हळूहळू दुरुस्त्या कमी झाल्या आणि फोन लांबत गेले. जेवलीस का, हे कोणत्या कलमात बसतं ते मी त्याला एकदा विचारलंच. तो म्हणाला, "संकीर्ण."

मग समिती नांदेडला आली, आणि तिच्यामागं तोही आला. सुनावणी आटोपल्यावर मी त्याला गोदावरीच्या घाटावर नेलं. त्याला वाटत होतं, नांदेड म्हणजे नुसतं पाण्यात डुंबत असेल. घाटाच्या शेवटच्या पायरीवर येऊन तो जो थांबला, तो थांबलाच. पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. पलीकडं एक बाई वाळूत खड्डा करून वाटीनं पाणी काढत होती, वाटी भरली की घागरीत, वाटी भरली की घागरीत.

"ही... गोदावरी?" त्यानं विचारलं. एखाद्याच्या घरी जेवायला जावं आणि तिथली चूल थंड दिसावी, तसा त्याचा चेहरा झाला.

त्याला हसवावं म्हणून मी आमच्या साहेबांची गंमत सांगितली. साहेबांचा लातूरवर जुना राग. लातूर म्हणजे कालचा जिल्हा, ब्याऐंशी साली झालेला, आणि आमच्याकडं पाणी मागतो, असं ते येता-जाता म्हणायचे. सभागृहात त्यांचा एकच नियम होता. लातूरवाले होय म्हणाले की आपण नाही म्हणायचं, ते नाही म्हणाले की आपण होय. कागद वाचायची भानगडच नाही. वीरभद्र हसला, पण त्याची नजर त्या वाटीवरच होती. परत निघताना, पायऱ्या चढता चढता त्यानं माझा हात धरला. मी सोडवला नाही.

पंधरवड्यानं त्याची आई, सरजाबाई, आमच्या घरी मागणी घेऊन आल्या. मी दारामागं उभी राहून ऐकत होते. आमचे बाबा मलप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले, फार न बोलणारे. त्यांना स्थळ पसंत होतं. जातीचा, शिकलेला, निर्व्यसनी मुलगा. पण माझ्या आईनं, सुमनबाईनं, एका वाक्यात विषय मिटवला.

"पोरगं चांगलं हाय ओ, पर जिथं प्यायला पाणी न्हाई, तिथं माझ्या पोरीचं बाळंतपण कोण करील?"

त्या साली कितीतरी घरांत असंच चाललं होतं, लातूरला मुलगी द्यायला लोक कां कू करत होते. सरजाबाई पाणीही न पिता उठल्या. मी फोनवर रडले. वीरभद्र एवढंच म्हणाला, की तू थोडी थांब, मुदखेडच्या पाण्याचं मी काहीतरी करतो. काय करतो, ते मात्र सांगेना. विधानसभेत मतदान होईल तेव्हा बघ, म्हणाला.

समितीचा अहवाल आला तेव्हा माझी संमतीची दुरुस्ती त्यात नव्हती. कलम सात जसंच्या तसं. मतदानाच्या दिवशी मी नांदेडच्या कार्यालयात मोबाइलवर सभागृहाचं कामकाज लावून बसले होते. जेवणानंतरची वेळ, निम्मी बाकं रिकामी. कलम सात पुकारलं गेलं आणि उभे कोण राहिले? लातूरचे आमदार! त्यांनी दुरुस्ती मांडली – पाणी देणाऱ्या गावाची पिण्याची गरज आधी भागवावी, आणि मगच गाडी भरावी. मी खुर्चीतून उठलेच. ही तर आमच्या मुदखेडची दुरुस्ती, आणि लातूरच्या तोंडून! हेच होतं तर त्याचं 'बघ'...

अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." लातूरकडचे चार आवाज आले. "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

आणि आमचे साहेब बाक बडवत ओरडले, "नाही!" त्यांच्या मागचे सगळे ओरडले, "नाही!" लातूरवाला उभा आहे, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. नाहीचं बहुमत झालं. दुरुस्ती पडली. मुदखेडचं पाणी मुदखेडच्याच आमदारानं घालवलं.

थोड्या वेळानं मला घाट आठवला. साहेबांचा नियम वीरभद्रला कुणी सांगितला? मी! हसत हसत, त्याच्या शेजारी उभी राहून सांगितला. आता लातूरच्या हाती पाणीही आलं, वर मोठ्या मनाचा मानही आला, आणि नाक कापलं गेलं आमचं. मी लगेच फोन लावला.

"तुला ठाऊक होतं ते नाही म्हणतील. ठाऊक होतं ना?"

"रुद्राणी... अगं, स्वतःच्या गावाचं पाणी... मला वाटलं, निदान ऐकतील तरी..."

त्याला पुढं बोलताच येईना. मला ते चोरी पकडल्यासारखं वाटलं. मी फोन कापला आणि त्याचा नंबर बंद करून टाकला. घरी आई म्हणाली, बघितलास लातूरवाला? दोन दिवस मला घास गिळवत नव्हता. तो गेला यापेक्षा, मी त्याला ओळखलंच नाही, हे जास्त टोचत होतं.

पण कायदा एका सभागृहात होत नाही. विधानसभेतून विधेयक विधान परिषदेकडं जातं, तिथं त्यावर पुन्हा चर्चा होते. आठवड्यानं तिथली बातमी आली आणि आमच्या कार्यालयात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. कोकणातल्या कुणा सदस्यानं शब्दन् शब्द तीच दुरुस्ती मांडली होती, आणि ती मंजूर झाली होती! त्या सभागृहात आमचे साहेब नव्हते, त्यामुळं नाही म्हणायला कुणीच नव्हतं. कोकणातल्या माणसाला मुदखेडचं काय पडलंय, हे कुणाला समजेना.

तेवढ्यात फोन वाजला. लातूरचे आमदार बोलत होते, रागानं लाल. साहेब बाहेर आहेत म्हटल्यावर त्यांनी तो राग माझ्यावरच काढला.

"त्या औशाच्या पोराला आता तुमच्याकडंच ठिवा म्हणावं. त्याच्या नादानं मी ती दुरुस्ती मांडली, तर गावात लोक विचारायलेत, पाणी आणायला पाठवलं का द्यायला? नाद सोड म्हटलं त्याला, तर हा मुंबईत जाऊन परिषदेवाल्याच्या दारात बसला. मी त्याला काढून टाकलंय."

मी रिसीव्हर धरून उभीच. म्हणजे त्यानं डाव टाकलाच नव्हता. माणूस स्वतःच्या गावाचं पाणी तरी नाकारणार नाही, असं वेड्यानं खरंच धरलं होतं. मी थोबाडीत मारल्यासारखं बोलले, तरी तो थांबला नाही, नोकरी घालवून बसला. किती मूर्ख मी, किती मूर्ख... भर कार्यालयात मला रडू फुटलं.

आता दुरुस्तीसह विधेयक शेवटच्या मतदानाला पुन्हा विधानसभेत येणार होतं. म्हणजे पुन्हा आमचे साहेब! मुंबईला निघताना त्यांनी माझ्याकडं कागद मागितलाच नाही, सवयीनं एवढंच विचारलं, की लातूरवाले काय म्हणणार आहेत? मी खरं तेच सांगितलं. ते चिडलेत साहेब, या खेपेला नाही म्हणणार आहेत.

"मग आपलं होय," साहेब म्हणाले.

आणि काय सांगू, अख्ख्या सभागृहात त्यांच्याइतक्या मोठ्यानं होय कुणीच म्हणालं नाही! विधेयक मंजूर झालं. लातूरला पाणी जाणार होतं, पण मुदखेडच्या घागरी भरल्यावरच. मी लगेच त्याचा नंबर उघडला. माफी कशी मागावी ते ठरवून ठेवलं होतं, पण पलीकडून नुसतं "बोल" ऐकलं आणि सगळं विसरले.

"मुदखेडला ये," मी म्हणाले. "आईंना घेऊन ये."

ते रविवारी आले. उन्हानं काळवंडलेला, वाळलेला, पण तोच पांढरा शर्ट. माझ्याकडं त्यानं एकदाच पाहिलं... आणि मी दाराची चौकट धरली. मी बाबांना आणि बाबांनी आईला आधीच सगळं सांगितलं होतं. ती आत गेली आणि पाण्याचा गिलास घेऊन आली, काठोकाठ भरलेला.

"अर्धाच बस झाला असता, मावशी," तो म्हणाला.

"प्या ओ. तुमच्यामुळंच राहिलंय."

तो सावकाश अर्धा प्यायला. मग थांबला. उरलेलं टाकता येईना, परत देता येईना. गिलास हातात धरून तो इकडंतिकडं बघायला लागला. कुणी काही म्हणायच्या आत मी पुढं झाले, त्याच्या हातातून तो गिलास घेतला आणि त्याचं उष्टं पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.

बाबांचा चष्मा नाकावर आला. सरजाबाईंनी कपाळाला हात लावला, मग हसायलाच लागल्या. आई मात्र माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी मी पहिल्यांदाच तिच्या दारात आले होते. आमच्यात नवऱ्याचं उष्टं फक्त बायको पिते. वीरभद्रचे कान लाल झाले होते.

"झालं," आई शेवटी म्हणाली. "आता इचारायचं काय राहिलं? द्या लगीन लावून. पर माझी एक दुरुस्ती हाय. पयलं बाळंतपण मुदखेडात."

लग्नाची तारीख नाही आणि बाळंतपणाचं कलम! वीरभद्रला असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्यासाठी पाणी आणायला मी आत पळाले, माठात ओगराळं बुडवलं, आणि गिलास अर्धाच भरला.

आई मागं दारात उभी राहून बघत होती. ती नुसती हसली.